वेबसाइटचा फॉर्म ‘धन्यवाद’ म्हणतो, पण चौकशीचा मेल येत नाही: अडतंय कुठं ते कसं शोधायचं

लक्षण असं असतं. वेबसाइटवर ‘संपर्क’ नावाचं पान आहे, त्यावर नाव, नंबर, निरोप असा फॉर्म आहे. कुणीतरी तो भरतो, खाली हिरव्या चौकटीत ‘धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू’ असं उमटतं आणि मालकाच्या इनबॉक्समध्ये काहीच येत नाही. मग ओळखीतला कुणी फॉर्मचं प्लगइन (वेबसाइटला जोडायचा तयार प्रोग्रॅम) बदलून देतो, काही आठवडे मेल येतात आणि पुन्हा बंद. मी छत्रपती संभाजीनगरात बसून मराठवाड्यातल्या लहान धंद्यांच्या वेबसाइट बनवतो आणि सांभाळतो. लातूरचे क्लास, पैठणचे पैठणीवाले, वेरूळजवळचे होमस्टे, जालन्याचे बियाणेवाले, सगळ्यांची सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार हीच: “दादा, लोकं फॉर्म भरलाय म्हणायलेत, पण मेल काई येईना.”

ही तक्रार हलकी समजू नका. फोन लागला नाही तर माणूस पुन्हा लावतो. फॉर्म भरलेला माणूस मात्र उत्तराची वाट बघतो आणि दुसरीकडं जातो, आपल्याला कळवत नाही. दहावीचा निकाल लागला की नांदेड, परभणी, हिंगोलीकडचे पालक लातूरच्या चार-पाच क्लासना एकाच बैठकीत विचारणा पाठवतात. ज्याचं उत्तर आधी येतं, तिथं लेकराचा प्रवेश होतो. वेरूळला येणारा पाहुणा विचारतो की मंगळवारी लेणी बंद असतात म्हणे, मग सोमवारी उतरावं की बुधवारी? साधा प्रश्न आहे, पण त्याला उत्तर गेलं नाही तर त्या रात्रीची खोली रिकामी राहते.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. ‘धन्यवाद’ हा निरोप मेल पोचल्याची पावती नाही. त्याचा अर्थ एवढाच, की वेबसाइटनं मेल सर्व्हरच्या हातात दिला. पत्र टपालपेटीत टाकलं म्हणजे ते पोचलं असं होत नाही, तसंच हे. म्हणून फॉर्म तपासत बसू नका, प्लगइन बदलत बसू नका. फॉर्म बहुतेक वेळा धडधाकट असतो. मेल वाटेत हरवतो आणि कुठं हरवतो ते ठिकाण कळल्याशिवाय केलेली दुरुस्ती टिकत नाही.

सगळ्यात आधी: चौकशा वाचवा

कारण शोधायला तास लागो की दिवस, तोपर्यंत येणारी एकही चौकशी बुडता कामा नये. वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर कॉन्टॅक्ट फॉर्म ७ हे प्लगइन फार वापरलं जातं आणि ते आलेला निरोप स्वतःजवळ ठेवतच नाही. मेल गेला नाही तर चौकशी कायमची गेली. त्याच्या जोडीला फ्लेमिंगो नावाचं मोफत प्लगइन टाका. हे त्याच लेखकानं बनवलेलं आहे, प्रत्येक निरोप वेबसाइटच्या डेटाबेसमध्ये साठवतं आणि डॅशबोर्डवर दाखवतं. दुसरं फॉर्म प्लगइन असेल तर त्यात नोंदी साठवण्याची सोय चालू आहे का ते बघा. कुणी मला एकच गोष्ट करायला वेळ आहे म्हणाला, तर मी हीच सांगेन. आणि फॉर्ममध्ये मोबाइल नंबरचा रकाना सक्तीचा ठेवा. आपल्याकडं ईमेल पत्ता लिहिताना चुका फार होतात, नंबर सहसा बरोबर असतो.

मग चाचणी, पण नीट

नुसतं ‘टेस्ट’ लिहून फॉर्म भरू नका. फॉर्मच्या सेटिंगमध्ये मेल जाण्याचे पत्ते तात्पुरते तीन करा: एक आपल्या डोमेनचा (म्हणजे @ नंतर आपल्या वेबसाइटचं नाव असलेला), एक साध्या जीमेलचा, एक तिसऱ्याच कंपनीचा, उदाहरणार्थ आउटलुकचा. निरोपात घड्याळातली वेळ लिहा, म्हणजे कुठला मेल कुठल्या चाचणीचा ते नंतर कळतं. वाय-फाय सोडून मोबाइलच्या डेटावरून आणि लॉगइन नसलेल्या ब्राउझरमधून भरा, कारण लॉगइन असताना वेबसाइट काही गोष्टी वेगळ्या वागवते.

तिन्हीकडं काहीच आलं नाही, स्पॅममध्येसुद्धा नाही, तर मेल सर्व्हरच्या बाहेरच पडलेला नाही. जीमेलच्या स्पॅममध्ये सापडला, तर ओळख पटण्याची अडचण आहे. जीमेल आणि आउटलुकला आला पण आपल्या डोमेनच्या पत्त्यावर नाही आला, तर दोष मेलच्या रस्त्याचा आहे. या तीन निकालांवर पुढचं सगळं अवलंबून आहे.

स्पॅममध्ये जातोय

जीमेलमध्ये तो मेल संगणकावर उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांवर जाऊन ‘मूळ दाखवा’ निवडा. वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क अशा ओळी दिसतील आणि प्रत्येकीसमोर पास किंवा फेल लिहिलेलं असेल. हा तक्ता वाचता आला की निम्मं काम झालं.

एसपीएफ म्हणजे आपल्या डोमेनच्या नावानं कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात याची डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत, लिहिलेली यादी. डीकिम म्हणजे प्रत्येक मेलवरची डिजिटल सही, तिची खूण डीएनएसमध्ये असते. डीमार्क सांगतो की ‘प्रेषक’ म्हणून दिसणारं डोमेन या दोहोंपैकी निदान एकाशी जुळतं का, आणि जुळत नसेल तर मेलचं काय करायचं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूनं हे नियम कडक केले. जीमेलच्या खात्यांना दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही बंधनकारक आहेत. आपल्यासारख्या लहानांनाही एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी एक हवंच. अनेकांचे वर्षानुवर्षं चालणारे फॉर्म त्यानंतर गप्प झाले, कारण तोवर यांपैकी काहीच लावलेलं नव्हतं आणि कुणाला गरजही भासली नव्हती.

आता सगळ्यात जास्त सापडणारं कारण. फॉर्मच्या मेल सेटिंगमध्ये ‘प्रेषक’ या रकान्यात फॉर्म भरणाऱ्याचाच ईमेल टाकलेला असतो. हेतू चांगला असतो, की मेल उघडून थेट ‘उत्तर द्या’ दाबता यावं. पण घडतं काय ते बघा. परभणीच्या एका पालकानं स्वतःचा याहूचा पत्ता भरला. मेल निघतो आपल्या होस्टिंगच्या (वेबसाइट जिथं ठेवलीय त्या सेवेच्या) सर्व्हरवरून आणि त्यावर लिहिलेलं असतं की हा याहूच्या माणसानं पाठवलाय. एप्रिल २०१४ पासून याहूनं जगाला सांगून ठेवलंय की आमच्या नावानं दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरवरून मेल आला तर तो नाकारा. त्यामुळं तो मेल स्पॅममध्येही जात नाही, दारातूनच परत जातो. जीमेलचा पत्ता भरणाऱ्याचा मेल कधी येतो, कधी स्पॅममध्ये पडतो. मालकाला मात्र वाटतं, फॉर्म मनाला येईल तसा चालतो.

उपाय साधा आहे. ‘प्रेषक’मध्ये कायम आपल्या डोमेनचा पत्ता ठेवा आणि भरणाऱ्याचा पत्ता ‘रिप्लाय-टू’ या ओळीत टाका. उत्तर द्यायचं बटण तरीही बरोबर त्याच माणसाकडं जातं. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ मध्ये हे ‘मेल’ या टॅबवर आहे, आणि प्रेषकाचा पत्ता वेबसाइटच्या डोमेनचा नसेल तर तिथंच इशाराही दिसतो. तो इशारा लोक वाचत नाहीत. वाचा.

हे करूनही एसपीएफ फेल दिसत असेल तर डीएनएसमध्ये जाऊन एसपीएफच्या नोंदी मोजा. एका डोमेनला अशी नोंद एकच असावी लागते. होतं असं, की होस्टिंगनं एक आधीच टाकलेली असते, मग मेल गुगल वर्कस्पेसवर (गुगलच्या धंद्यासाठीच्या मेल सेवेवर) नेताना कुणी दुसरी जोडतो आणि दिवाळीच्या ऑफर पाठवायला घेतलेली मेल सेवा तिसरी टाकायला सांगते. दोन झाल्या की तपासणाऱ्याच्या लेखी दोन्ही बाद. तिघांचीही नावं एकाच ओळीत एकत्र करा, बाकीच्या नोंदी काढून टाका. त्या एका ओळीतही डीएनएसला विचारणा करायला लावणाऱ्या गोष्टी १० च्या आत हव्यात, त्यापुढं गेल्या तर नोंद पुन्हा निकामी. न वापरातल्या सेवा निर्दयपणे काढा. बदल सगळीकडं पोचायला काही तास जाऊ शकतात, म्हणून लगेच निराश होऊन पुन्हा हात घालू नका.

एक कारण मालकाच्या हातून घडतं. फॉर्मवर बॉटचा (आपोआप फॉर्म भरणाऱ्या प्रोग्रॅमचा) मारा होतो, रोज कर्जाच्या आणि एसइओच्या जाहिराती येतात, वैतागून मालक प्रत्येक मेलला ‘स्पॅम’ म्हणून खूण करतो. ते सगळे मेल एकाच प्रेषकाचे असतात: आपल्याच फॉर्मचे. जीमेल शिकतं आणि खऱ्या चौकशाही तिकडंच ढकलतं. तिथं ३० दिवसांनी मेल आपोआप पुसले जातात, हेही ध्यानात असू द्या. बॉट फॉर्मवरच अडवा, रीकॅप्चा किंवा टर्नस्टाइल ही ‘माणूसच आहे ना’ हे तपासणारी सोय लावून, आणि जीमेलमध्ये आपल्या फॉर्मच्या पत्त्यासाठी ‘कधीही स्पॅममध्ये पाठवू नका’ असा फिल्टर करून ठेवा.

जीमेलला येतो, आपल्या डोमेनला येत नाही

हा प्रकार सगळ्यात फसवा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पैठणमधले एक पैठणी विणणारे काका. वेबसाइट एका साध्या होस्टिंगवर, सीपॅनल (होस्टिंग सांभाळायचं नियंत्रण पान) असलेल्या. मेल मात्र भाच्यानं गुगल वर्कस्पेसवर नेलेले. बाहेरून त्यांच्या पत्त्यावर मेल पाठवला की व्यवस्थित येतो. वर्कस्पेसमधून जाणारे मेलही पोचतात. फक्त फॉर्मचे मेल येत नाहीत, स्पॅममध्ये नाहीत, परतही येत नाहीत. भाच्यानं फॉर्मचं प्लगइन बदलून पाहिलं होतं, थीमसुद्धा बदलली होती.

कारण असं. वेबसाइटचा सर्व्हर पूर्वी त्याच डोमेनचे मेलही सांभाळायचा. मेल गुगलकडं गेले, डीएनएसमधली एमएक्स नोंद (या डोमेनचे मेल कुठं द्यायचे ते सांगणारी) बदलली, पण सर्व्हरला हे कुणी सांगितलंच नाही. त्याच्या समजुतीनं काकांचा पत्ता अजून त्याच्याकडंच आहे. त्यामुळं फॉर्मचा मेल तो बाहेर पाठवतच नाही, आपल्याच पोटातल्या जुन्या मेलबॉक्समध्ये ठेवतो. सीपॅनलच्या वेबमेलमध्ये जुन्या पासवर्डनं शिरल्यावर सगळ्या चौकशा तिथं न उघडलेल्या पडल्या होत्या. त्यात पुण्याच्या एका ताईंचा निरोप होता, मुनिया काठाची, मोराच्या पदराची पैठणी मुलीच्या लग्नाआधी मिळेल का म्हणून. लग्नाची तारीख लिहिलेली होती आणि ती उलटून गेली होती.

दुरुस्ती दोन मिनिटांची. सीपॅनलमध्ये ‘ईमेल राउटिंग’ उघडा, डोमेन निवडा, ‘लोकल’ असेल तर ‘रिमोट मेल एक्स्चेंजर’ करा. आपोआप ओळखण्याचा पर्यायही तिथं आहे, पण मेल दुसरीकडं आहेत हे पक्कं माहीत असताना मी तो ठेवत नाही. बदल करण्याआधी जुन्या मेलबॉक्समधलं सगळं उतरवून घ्या. तिथं चौकशा सापडल्या तर उशीर झाला असला तरी प्रत्येकाला फोन करा. काकांनी केले, आणि लोक रागावण्याऐवजी बोलले.

याच्या जवळचा दुसरा प्रकार फॉरवर्डचा. डोमेनचा पत्ता नावाला असतो आणि त्यावर आलेलं सगळं मालकाच्या खासगी जीमेलला फॉरवर्ड होतं. यात मेल दुसऱ्यांदा निघतो तो आपल्या होस्टिंगच्या सर्व्हरवरून, त्यामुळं मूळ प्रेषकाचा एसपीएफ जुळत नाही. शिवाय डोमेनवर आलेला सगळा कचराही त्याच वाटेनं जीमेलला जातो आणि जीमेल त्या सर्व्हरकडंच संशयानं बघू लागतं. फॉर्मचा मेल तरी फॉरवर्डच्या भरवशावर ठेवू नका. फॉर्ममध्ये थेट जीमेलचा पत्ता टाका, किंवा डोमेनचा मेलबॉक्स फोनमधल्या मेल अॅपमध्ये स्वतंत्र खातं म्हणून जोडा.

कुठंच येत नाही

वर्डप्रेस मुळात मेल पाठवतो तो सर्व्हरवरच्या पीएचपी या प्रोग्रॅममार्फत, कुठल्याही मेल खात्यात लॉगइन न करता. बऱ्याच स्वस्त होस्टिंगवर हे बंद असतं किंवा त्या सर्व्हरवरच्या इतर शेकडो साइटमुळं त्याचं नाव खराब झालेलं असतं. म्हणून एसएमटीपीचं (मेल पाठवायच्या ठरलेल्या पद्धतीचं) प्लगइन लावायचं, म्हणजे मेल खऱ्या खात्यातून, लॉगइन करून, पोर्ट (सर्व्हरचं ठरावीक दार) ५८७ किंवा ४६५ वरून जातो. प्लगइनमध्ये मेल लॉगची सोय असेल तर ती चालू ठेवा, काय चुकलं ते सांगणारा सर्व्हरचा निरोप जसाच्या तसा वाचायला मिळतो. काही होस्टिंगवर बाहेरचे हे पोर्ट अडवलेले असतात. तिथं ब्रेवो किंवा अॅमेझॉन एसईएससारखी एपीआयवर (दोन प्रोग्रॅमनी एकमेकांशी थेट बोलायच्या सोयीवर) चालणारी मेल सेवा घ्या, ती नेहमीच्या वेब रस्त्यानं जाते. लहान धंद्याला अशा सेवेची मोफत किंवा अगदी स्वस्त योजना पुरते.

आणि इथंच ‘दुरुस्त केलं, पण पुन्हा बंद पडलं’ याचं उत्तर आहे. जीमेल खातं एसएमटीपीला जोडायला साधा पासवर्ड चालत नाही. गुगलनं मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी ती वाट बंद केली. द्विस्तरीय पडताळणी चालू करून १६ अक्षरी ‘अॅप पासवर्ड’ काढावा लागतो. हा अॅप पासवर्ड गुगल खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की रद्द होतो. लातूरच्या एका क्लासमध्ये ऑफिसातला मुलगा काम सोडून गेला की सर पासवर्ड बदलायचे. योग्यच आहे, बदलायलाच हवा. पण त्या क्षणी वेबसाइटचा फॉर्म मुका व्हायचा, आणि पासवर्डचा नि फॉर्मचा संबंध असेल असं कुणाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. त्यांच्यासाठी फॉर्मपुरता वेगळा मेलबॉक्स केला, ज्यात रोजचं कुणी लॉगइन करत नाही. तेव्हापासून माणसं बदलली, पासवर्ड बदलले, फॉर्म चालू आहे. मेल सेवेची एपीआय की (त्या सोयीची गुप्त किल्ली) वापरली तरी हाच फायदा मिळतो.

गुगलचं खातं भरलेलं असणं हेही तपासा. मोफत १५ जीबीमध्ये जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही येतात आणि आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअॅपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो. लग्नसराईचे व्हिडिओ, ग्रुपवरचे सुप्रभात, शेताचे फोटो यांनी खातं भरलं की नवीन मेल येणंच थांबतं. वरच्या पट्टीतली लाल सूचना मालकानं पाहिलेली असते, पण तिचा वेबसाइटशी संबंध लावलेला नसतो.

पान कॅश होत असेल (म्हणजे वेगासाठी त्याची साठवलेली तयार प्रत दाखवली जात असेल) आणि फॉर्म ‘धन्यवाद’ऐवजी चूक दाखवत असेल तर संपर्काचं पान कॅशमधून वगळा. वर्डप्रेसची फॉर्ममधली सुरक्षा खूण २४ तासांत शिळी होते, आणि जुनं पान त्याहून जास्त काळ कॅशमध्ये राहिलं तर फॉर्म नाकारला जातो.

पुन्हा होऊ नये म्हणून

काही घटना अशा आहेत की त्यांच्यानंतर फॉर्म तपासायचाच: होस्टिंग बदललं, नेमसर्व्हर (डोमेनचं डीएनएस सांभाळणारे सर्व्हर) बदलले, डोमेन नूतनीकरण उशिरा झालं, पासवर्ड बदलला, फॉर्मचं किंवा मेलचं प्लगइन अपडेट केलं. नेमसर्व्हर बदलताना जुन्या डीएनएसमधल्या सगळ्या नोंदी आधी उतरवून घ्या. नवीन कंपनी नोंदी आपोआप शोधते म्हणते, पण डीकिमची नोंद हमखास सुटते, कारण तिचं नाव प्रत्येक सेवेचं वेगळं असतं. शिवाय महिन्यातून एकदा, ठरावीक तारखेला, फोनवरून फॉर्म भरून बघायची सवय लावा. ते काम मालकानं स्वतः करावं, डिझायनरवर सोडू नये. डीमार्कची नोंद लावायची असेल तर आधी ‘नन’वर (काहीच करू नका) ठेवा, अहवाल काही आठवडे वाचा, मगच ‘क्वारंटाइन’चा (स्पॅममध्ये टाका) विचार करा. पहिल्याच दिवशी ‘रिजेक्ट’ (नाकारा) लावून स्वतःची बिलं आणि कोटेशनं नाकारली गेल्याची उदाहरणं आपल्याच भागात आहेत.

डोमेनचं लॉगइन कुणाच्या नावावर आहे हे आज बघून घ्या. आपल्याकडं बहुतेक डोमेन पुतण्याच्या, जुन्या डिझायनरच्या किंवा सोडून गेलेल्या नोकराच्या ईमेलवर घेतलेली असतात. अशा वेळी एसपीएफची एक ओळ बदलायलाही महिनाभर माणूस शोधत फिरावं लागतं. खातं मालकाच्या ईमेलवर आणि मालकाच्या मोबाइल नंबरवर हवं, डिझायनर कितीही विश्वासू असला तरी. माझ्या ग्राहकांनाही मी हेच करायला लावतो.

एवढं करूनही मेल कुठं जातोय ते कळत नसेल, तर होस्टिंगच्या मदत केंद्राला नुसतं ‘मेल येत नाही’ असं लिहू नका. त्यावर ‘आमच्याकडून सगळं ठीक आहे’ एवढंच उत्तर येतं. चाचणीची नेमकी तारीख आणि वेळ, पाठवणारा पत्ता, घेणारा पत्ता लिहा आणि त्या एका मेलचा सर्व्हरच्या मेल लॉगमधला उतारा मागा. सीपॅनल असेल तर ‘ट्रॅक डिलिव्हरी’मध्ये तो तुम्हालाही दिसतो. मेल कुठल्या सर्व्हरला दिला आणि त्यानं काय उत्तर दिलं हे त्या ओळीत लिहिलेलं असतं. ती ओळ कॉपी करून पुढच्या माणसाला पाठवा.